मधलं वर्ष

४ जानेवारी

दादा,

अक्षर ओळखून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील आणि मग कोण गेलं ते बघायला थेट शेवटची ओळ वाचशील. कुणी गेलेलं नाही. आम्ही तिघंही धडधाकट आहोत. पैसे मागायलाही लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला निवांत वाचता येईल. पत्ता मावशीच्या थोरल्याकडून घेतला. सख्ख्या भावाचा पत्ता मी त्याच्याकडे का मागतेय, हे त्यानं विचारलं नाही. म्हणजे आपला अबोला सगळ्यांना माहीत आहे.

मला एकच विचारायचंय. मला मावशीकडे पाठवल्यावर आईनं पुढे काय केलं?

खरंच माहीत नाही मला. नदीवर पूल बांधायला लागल्यापासून मला पाठवेपर्यंतचे चार महिने मला तोंडपाठ आहेत. नंतरचं वर्ष मात्र कोरं. त्या पहिल्या वर्षी मला सुट्टीलाही आणलं नव्हतं. आणलं तेव्हा बाबा टोलनाक्याच्या खोपटात बसून पावत्या फाडत होते, आणि आपण पिढ्यान् पिढ्या टोलवालेच असल्यासारखे सगळे वागत होते. मधल्या वर्षाचं कुणी नावच काढलं नाही. मीही विचारलं नाही. मावशीकडे राहून मला न विचारायची सवय लागली होती.

आता विचारायची वेळ आली, त्याचं कारण सांगते. माझं काम काय ते तुला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे. कपाच्या काठाखाली निळी नाहीतर सोनेरी रेघ असते ना, ती मी ओढते. कप चाकावर ठेवायचा, चाक फिरवायचं, कुंचला टेकवून श्वास धरायचा, आणि रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. तेवीस वर्षं हेच केलं. आता छापील रेघ मिळते. पाण्यात भिजवून चिकटवली की भट्टीतून कपाची अंगचीच होऊन बाहेर येते. परवा मुकादमानं मला रंगांच्या कपाटामागे बोलावून सांगितलं की मार्चअखेर आमचा विभाग बंद. बाकीच्या पंचवीस जणींना फेब्रुवारीत कळणार. मी सगळ्यांत जुनी, म्हणून मला आधी. हा मान मिळाला नसता तरी चाललं असतं.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ह्यांचं शिलाई मशिन दुरुस्तीचं काम आहे, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक सुटे भाग बसवायला वेळ लागतो, आणि लोकांना मशिन आजच्या आज हवं असतं. थोडक्यात, आमचं घर माझ्या रेघेवर चालतं.

तेव्हापासून मला सारखी आई आठवतेय. पूल पलीकडच्या काठाकडून निघाला होता, आठवतं? पहिला खांब वर आला तेव्हा बाबा आपल्या लाँचवरच्या उतारूंना सांगायचे, असले पूल खूप बघितले, अर्ध्यावर येतात आणि बंद पडतात. लोकांना ते पटायचं, कारण लाँच तर भरलेली असायची. सायकली, दुधाच्या कॅन, पिशवीतून मान बाहेर काढलेली कोंबडी, आणि काठ यायच्या आत उडी मारणारी ती शाळामास्तरीण. एवढी माणसं आपल्याला सोडून पुलावरून का जातील, असं मलाही वाटायचं.

आईला तसं वाटलं नाही. तिसरा खांब उभा राहिला त्या दिवशी तिनं मागची खोली बंद केली. थंडीपुरती, असं आपल्याला सांगितलं. चौथ्याला बाबांच्या दोन सदऱ्यांच्या कॉलर उसवून उलट्या बाजूनं शिवल्या. आणि पाचव्याला तो खेळ सुरू केला, ‘आज काय नको’. संध्याकाळी ओसरीवर बसवून विचारायची, सांगा, आज कशावाचून अडलं नाही? ज्याचं उत्तर सगळ्यांत भारी, त्याला दुसऱ्या दिवशी लाँचची घंटा वाजवायला मिळायची. तू एकदा ‘अंघोळ’ म्हणालास आणि बाद झालास. मी साखरेशिवाय दूध प्यायले, चप्पल न घालता शाळेत गेले, एकाच वहीत तिन्ही विषय लिहिले. लागोपाठ नऊ दिवस घंटा माझी होती.

तो काळ हलाखीचा होता हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा तर मला वाटायचं, आपल्या घरी काहीतरी मोठी मजा चालू आहे.

आईनं पुढे काय केलं, तेवढं लिही. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी धाकटी बहीण


२२ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. आलं असतं तर मीच दचकले असते.

तू काही सांगत नाहीस, तेव्हा मला अर्धवट येतंय तेवढ्यावरच सुरुवात केलीय. दुधाची एक पिशवी बंद केली. कारखान्यात चालत जाते. मागची खोली आवरायला घेतलीय, भाड्यानं देता येईल म्हणून. ह्यांना सांगितलं, पसारा फार झालाय. ह्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पसारा वीस वर्षांपासून आहे, तुला आज दिसला होय?’ मी बाहेर निघून गेले. खोटं बोलताना मला मागे वळून बघता येत नाही. लहानपणी तू मला त्यावरूनच पकडायचास.

मुलीबरोबर ‘आज काय नको’ खेळून पाहिला. ती चौदा वर्षांची आहे. लगेच म्हणाली, ‘मला गणित नको.’ दुसऱ्या दिवशीही गणितच. तिसऱ्या दिवशी मी नाद सोडला. आईला कसं जमायचं रे? ती आपल्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि आपण बक्षीस मिळाल्यासारखे उड्या मारायचो.

मुलगी पोहते. नुसती डुंबत नाही, शर्यतीत पोहते. नावाड्याचं रक्त म्हणायचं, दुसरं काय. माझी नणंद मोठ्या शहरात असते. तिच्या घराजवळ चांगली शाळा आहे आणि शाळेला स्वतःचा तलाव आहे. ती दोन वर्षांपासून म्हणतेय, पोरीला माझ्याकडे ठेव, माझी दोन्ही मुलं परदेशी गेली, घर खायला उठतं. मी दर वेळी हसून विषय बदलायचे. परवा मीच होऊन तिला विचारलं, अजून तुमची तयारी आहे का? ती म्हणाली, उद्या पाठव.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. तुला का सांगतेय कोण जाणे. अकरा वर्षं ज्याच्याशी बोलले नाही, त्याच्याशी बोलणं सोपं जातंय.

मावशीकडे निघाले तो दिवस मला आता रोज दिसतो. मावशीचे यजमान मला न्यायला आले होते. आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. तू कुठे दिसेनास. मी तुला हाका मारल्या, आई म्हणाली, असेल कुठेतरी उंडारत, चल लवकर. लाँचवर त्या दिवशी दुसरे उतारू नव्हते. निम्म्या पात्रात आल्यावर बाबांनी मला पुढे बोलावलं आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. नुसतं धर, म्हणाले, ती तिच्या सवयीनं जाते. मी पलीकडच्या काठापर्यंत ते धरून होते. मला वाटलं, मी चांगलं चालवलं तर ते लाँच वळवतील.

मावशी वाईट वागली नाही, हे मी कुणालाही सांगेन. तिनं मला शिकवलं, कपडे केले, तिच्या मुलांच्या पंक्तीत जेवायला वाढलं. पण त्या घरात मी कुठलाही डबा विचारल्याशिवाय उघडला नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. आजही स्वतःच्या स्वयंपाकघरात डब्याला हात लावला की एक क्षण थांबते. ह्यांना वाटतं, मी काय घ्यायचं ते विसरले.

म्हणून आईच्या तेराव्यानंतर भांडी वाटायला बसलो होतो तेव्हा तू म्हणालास ना, ‘तू कशाला रडतेस, तू मावशीकडे तुपात वाढलीस,’ ते मला गिळता आलं नाही. मी उठून पिशवी उचलली. वहिनी फाटकापर्यंत मागे आल्या. तू आला नाहीस.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही. मला कायम वाटत आलंय की मी त्या खेळात फार हुशार होते, म्हणून मला पाठवलं. साखरेवाचून माझं अडत नाही, चपलेवाचून अडत नाही, तर घरावाचूनही अडणार नाही, असं आईला वाटलं असेल.

आता मी माझ्या पोरीची पेटी भरायला निघालेय.

तुझी धाकटी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. आत्ता उत्तर लिहिलं तर भलतंच काहीतरी लिहीन. थोडे दिवस दे.


१९ फेब्रुवारी

दादा,

आधी तुझ्या अक्षराबद्दल. मोठमोठी अक्षरं, रेघ सोडून वर चाललेल्या ओळी, आणि ‘मावशी’तली वेलांटी चुकलेली. मी ते बघून आधी रडले, मजकूर नंतर वाचला. तू तेराव्या वर्षी शाळा सोडलीस हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळायला तुझ्या हातचं पत्र यावं लागलं. वहिनींना सांगून लिहून घेता आलं असतं. तू स्वतः लिहिलंस.

पत्र मी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत फोडलं. ती चूक झाली. नंतरच्या पहिल्याच कपावर माझी रेघ निघाली तिथे मिळाली नाही, चांगली बोटभर खाली येऊन संपली. मुकादमानं तो कप उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि फुटक्या मालाच्या पेटीत ठेवला.

तर मावशीनं मला मागितलंच नव्हतं. तिनं तुला मागितलं होतं. मुलगा हुशार आहे, लाँचवर वाया जाईल, माझ्याकडे पाठव, शिकवते. पंधरा दिवस आधी ठरलं होतं, तुझी पेटीही भरली होती. आणि त्या सकाळी तू लाँचच्या पुढच्या भागात, फळ्यांखाली दोरखंड ठेवायचा कप्पा होता, त्यात जाऊन लपलास. तू लिहितोस, बाबांनी एक फळी उचलली. तुला बघितलं. तू त्यांच्याकडे बघितलंस. आणि त्यांनी फळी परत जागेवर ठेवली, आईला जाऊन सांगितलं, पोरगा सापडत नाही. मावशीचे यजमान दारात खोळंबलेले. तेव्हा आईनं माझी वेणी घालायला घेतली.

म्हणजे मी लाँचवर बसले तेव्हा तू खाली होतास. तू लिहिलंयस, ‘तू सुकाणू धरून उभी होतीस आणि मी तुझ्या पायाखाली होतो. तुझ्या चपलांचा आवाज येत होता. मी बाहेर आलो असतो तर तू परत गेली असतीस. मी आलो नाही.’

मला राग आला, दादा. खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी भांडी आपटत होते. पस्तीस वर्षं मी आईवर जो राग धरला, तो आता कुणाकडे नेऊन देऊ? बाबांकडे? ते काठावर रिकामी लाँच बांधून बसलेले माझ्या डोळ्यांसमोर येतात आणि राग धरवत नाही. त्यांना दोन पोरांतलं एक जवळ हवं होतं, आणि जे जवळ होतं ते त्यांनी ठेवलं. तुझ्यावर धरावा तर तू तेरा वर्षांचा. आणि ज्या घरासाठी लपलास त्या घरानं तुझी शाळा सोडवली. मला वाटत होतं, घर तुझ्या वाट्याला आलं. तुला वाटत होतं, शाळा माझ्या वाट्याला आली. आणि दोघांनीही एकमेकांना एकदाही विचारलं नाही.

आईचं वाचून मात्र मी थक्क झाले. ती पुलावर कामाला गेली. आपल्या पोटावर आलेल्या त्याच पुलावर, गवंड्यांना पाणी द्यायला आणि वाळू चाळायला. माझ्या डोळ्यांसमोर ती कायम ओसरीवर कॉलर उसवतानाच असते. तू लिहिलंयस, बाबा तिच्याशी दोन महिने बोलले नाहीत. तीही बोलली नाही. सकाळी त्यांचा डबा भरून ठेवायची आणि आपला घेऊन निघायची. आणि तूच तिला एकदा विचारलंस, आपण अजून काय कमी करायचं? तर ती म्हणाली, ‘कमी करून झालं. आता कुणीतरी चार पैसे आणायला लागलं पाहिजे.’ तिथल्या इंजिनीअरला तिचं काम आवडलं, म्हणून पुढे टोलनाक्यावर बाबांचं नाव लागलं. आणि हे आपल्या घरात कुणी कधी बोललं नाही, कारण बाबांना ते सोसलं नसतं.

हे वाचून मी दोन गोष्टी केल्या. एक, ह्यांना सगळं सांगितलं. हे मशिनखाली डोकं घालून बसले होते, तसेच ऐकत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, ‘एवढंच?’ मी म्हटलं, एवढंच काय, माझी नोकरी जातेय. तर म्हणाले, ‘तू महिनाभर दूध कमी घेतेस, चालत जातेस, खोली आवरतेस. मला वाटलं, डॉक्टरनं तुला काहीतरी सांगितलंय आणि तू आवराआवर करतेयस.’ एक महिना हा माणूस मनातल्या मनात मला पोचवत होता आणि मला कळलं नाही. मी इतकी हसले की मुलगी बघायला आली.

दुसरी गोष्ट म्हणजे कमी करणं थांबवलं. दुधाची पिशवी परत सुरू केली. ह्यांच्या ओळखीचा एक सायकलवाला आहे, जुन्या सायकली नव्यासारख्या करून विकतो. मडगार्डवर आणि दांड्यावर बारीक रेघ लागते, ती ओढणारा म्हातारा गेल्या वर्षी वारला, तेव्हापासून तो चिकटपट्टी लावून भागवत होता. मी रविवारी जाऊन एक सायकल करून दाखवली. लोखंडाला कुंचला वेगळाच लागतो, सरकतो. पण रेघ ती रेघ. त्यानं सायकल उन्हात नेली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, आठवड्याला किती होतील? पगाराच्या निम्मंही मिळणार नाही. पण काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं.

तू मला पत्रात ‘शेपूट’ म्हटलंयस. पस्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

शेपूट


९ मार्च

दादा,

मागची खोली गेली. दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायला आल्यात. शांत बाई आहे, फक्त शिंकते फार मोठ्यानं. ह्यांची सगळी मशिनं पुढच्या खोलीत आली, त्यामुळे आम्ही आता चालत नाही, सरकतो. कारखान्यात सगळ्यांना कळलं. एक जण रडली, एक भांडली, बाकीच्या नेहमीसारख्या कामाला बसल्या. मुकादमानं मला छपाई विभागात पेट्या भरायचं काम देऊ केलं होतं. मी नको म्हटलं, आमच्यातल्या एकीचं नाव सुचवलं. तिच्या घरी दुसरं कुणीच मिळवणारं नाही.

आता मुलीचं. तू पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहिली होतीस, ‘पोरीला पाठवू नकोस.’ मलाही तेच वाटत होतं. नणंदेला नाही कसं कळवायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती. पण मग वाटलं, हेही परत तेच झालं. आईनं पाठवायचं ठरवलं, बाबांनी ठेवायचं ठरवलं, आपल्याला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी तिला तलावावरून येताना वाटेत थांबवलं आणि नोकरीपासून सगळं सांगितलं. ओल्या केसांनी ऐकत उभी राहिली.

मी म्हटलं, ‘तुला आत्याकडे जायचंय का?’

ती म्हणाली, ‘विचारतेयस की सांगतेयस?’

‘विचारतेय.’

‘मग हो. जायचंय.’

मला काय ऐकायचं होतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, आपल्याला तशी गरज नाही हं, सायकलींचं काम मिळालंय, खोलीचं भाडं येईल, तू राहिलीस तरी भागेल. ती म्हणाली, ‘अगं, पैशासाठी नाही. तिथं पन्नास मीटरचा तलाव आहे. मी दोन वर्षांपासून वाट बघतेय, तू विषय बदलत होतीस.’ मग माझा चेहरा बघून म्हणाली, ‘आई, मी सुट्टीला येणार आहे.’ मोठ्या माणसानं लहानाची समजूत घालावी तसं.

तुला गंमत वाटेल, नाही? मी आयुष्यभर धास्ती घेतली ती जाण्याची, आणि ही पोरगी जायला नाचतेय. घरी येईपर्यंत मी काही बोलले नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘मग बरोबरच आहे.’ आणि तिचा पोहण्याचा चष्मा घेऊन त्याचा सैल झालेला पट्टा शिवत बसले, एका डोळ्यानं.

परीक्षा झाली की जाईल. नणंदेला मी फोनवर एवढंच म्हटलं, तिला घरात कशाला हात लावताना विचारायला लावू नका. तिला वाटलं, मी काहीतरी बोचरं बोलतेय. मग मी तिला मावशीकडचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘तू मला वीस वर्षांत हे सांगितलं नाहीस.’ बघ, मी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. तूच पहिला.

शेपूट


६ एप्रिल

दादा,

तू गेल्याला तीन दिवस झाले. पोचल्याचं कळलं.

तुला न सांगितलेलं काही उरलंय, म्हणून लिहितेय. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी दुपारी मुकादमानं आम्हा सगळ्यांपुढे एकेक कोरा कप ठेवला आणि म्हणाला, आज हवं ते काढा, भाजून देतो, घरी न्या. आम्ही सव्वीस जणी त्या कपांकडे बघत बसलो. इतक्या वर्षांत रेघेशिवाय कुणी काही काढलेलं नव्हतं. एकीनं फूल काढायला घेतलं, ते कोबीसारखं झालं, आणि सगळ्या हसत सुटलो. शेवटी बहुतेकींनी रेघच ओढली. मीही. मुकादम जाता जाता म्हणाला, हे तर छापूनही मिळालं असतं. आणि मग त्यालाच ते सोसवेना, तो भट्टीकडे निघून गेला.

बाहेर आले तर फाटकाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला, टक्कल पडलेला एक माणूस प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत उभा. माझ्याकडेही बघितलंस आणि पुढच्या बाईकडे वळलास. मला आधी वाईट वाटलं. मग मी तुझ्या मागे जाऊन उभी राहिले आणि लहानपणी चालायचे तशी चिकटून चालायला लागले, तेव्हा वळलास. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस. घरापर्यंत वाटेतल्या प्रत्येक दुकानाबद्दल विचारत राहिलास, जसा काही तू दुकानंच बघायला आला होतास.

तुझ्या भाचीनं तुला आदल्या आठवड्यात पत्र पाठवलं होतं, हे मला आता कळलं. ‘आईचा शेवटचा दिवस एकतीस तारखेला आहे आणि मी तेव्हा इथे नसेन.’ मला न विचारता. माझं कपाट उघडून तुझा पत्ता शोधला तिनं. मी तिला फोनवर रागावणार होते, पण जमलं नाही.

तू तीन दिवस होतास. ह्यांनी आणि तू मिळून ते जुनं अडकलेलं मशिन सोडवलंत. तू डिझेल इंजिनवाला, हे सुईवाले. एक जण दिवा धरतोय, दुसरा पाना. एकमेकांशी दहा वाक्यं तरी बोललात की नाही शंका आहे, पण तू गेल्यापासून हे दोनदा म्हणाले, ‘तुझा भाऊ माणूस बरा आहे.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

परत जाताना तू बसमध्ये चढलास, खिडकीशी बसलास. मी खाली उभी. मला वाटलं, झालं, आता हात हलवायचा. आणि ड्रायव्हरनं इंजिन चालू केल्यावर तू उठून माणसांना बाजूला सारत खाली उतरलास. काही विसरलं का, म्हणून मी विचारलं. तू म्हणालास, ‘पुढची दोन तासांनी आहे.’ आणि बाकावर बसलास. बस निघून गेली.

त्या दोन तासांत आपण काय बोललो ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते इथे परत लिहीत नाही. ते कागदावर कुठे नसलेलंच बरं.

दुसरी बस आली तेव्हा तू म्हणालास, आता तू ये. मी हो म्हटलं. कधी ते तू विचारलं नाहीस, लग्न झालेल्या बहिणीला आग्रह करायची तुझी जुनी भीती. म्हणून मीच सांगते. बुधवारी येते. ऐन कामाच्या दिवशी, मुद्दाम. तेवीस वर्षांत बुधवारी मी कधी कुठे गेलेले नाही. सकाळी दहाला रस्त्यावर कोण कोण असतं, उजेड कसा पडतो, हेसुद्धा मला माहीत नाही.

वहिनींना सांग, माझ्यासाठी स्वयंपाक करून ठेवू नका. मी लवकर पोचेन, मिळून करू.